हे उष्टं कुणाचं?

आमच्या घरी वर्षाचे दोनच भाग होते. दसऱ्याआधीचा आणि दसऱ्यानंतरचा. दसऱ्याआधी आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात असायचो. दसरा झाला की आई आणि आण्णा ऊस तोडायला बाहेर पडायचे, ते उन्हाळा तोंडावर आल्यावर परत. मुकादमाच्या हिशेबी नवरा-बायको मिळून एकच असतात आणि त्या जोडीला म्हणतात 'एक कोयता'. म्हणजे माझे आई-वडील सहा महिने माणसं असायचे आणि सहा महिने कोयता.

लहान होतो तोवर मीही बरोबर जायचो. राहायला उसाच्या पाचटाची कोपी, खाली ओल, आत धूर. आई एक हंडा पाणी लांबून डोक्यावर आणायची आणि ते घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं जपायची. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं बैलांना. मला त्याची लाज वाटायची. पुढे मी कॉलेजात गेलो, पर्यावरणशास्त्र घेतलं, आणि हेच पाणी मला 'पुनर्वापर' या मथळ्याखाली वीस मार्कांना आलं. मला त्यात बारा पडले. आईला वीस पडले असते.

तर मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगतो. तेव्हा तर सांगायचीही गरज पडू नये अशी सोय केली होती. टिफिनच्या झाकणावर रंगाने नाव टाकलं होतं: सोमनाथ, बी.एस्सी. टिफिन चोरीला जाऊ नये म्हणून नाव टाकतात, डिग्री कशासाठी टाकतात हे मला कंपनीतल्या पहिल्याच दिवशी तिघांनी विचारलं.

कंपनी सुप्याच्या एमआयडीसीतली, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. पर्यावरण आणि सुरक्षा खात्यात प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो. काम काय, तर कामगारांमध्ये पर्यावरणाला धरून वागण्याच्या सवयी रुजवणे. आण्णांना फोनवर सांगितलं, लोकांना सांगायचं की वीज वाया घालवू नका, पाणी सांडू नका. आण्णा म्हणाले, "आन त्याचा पगार देत्यात?"

देत होते. पण वर्षभर प्रशिक्षणाचा. वर्षानंतर कायम केलं, तर पगार असा होणार होता की घर त्यावर चालावं. मी आईला शब्द देऊन टाकला होता: यंदाचा दसरा शेवटचा, पुढल्या दसऱ्याला मुकादमाला नाव द्यायचं नाही. कायम होण्याची चिठ्ठी दसऱ्याच्या आत हातात पडली पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. बाकी डोक्यात इंग्रजी शब्द होते.

पहिलं काम मी पोस्टरांचं केलं. मोठ्या कागदावर हिरवी पानं काढून खाली लिहिलं: 'पर्यावरणपूरक वर्तनाचा अंगीकार करा.' असे बारा कागद मशीन शॉपमध्ये लावले आणि जेवणाच्या सुट्टीत लांब उभा राहून बघत होतो, कोण वाचतंय. एकच माणूस वाचत होता. पन्नाशी कधीच ओलांडलेला, काटकुळा, कानाला बिडी लावतात तशी पेन्सिल लावलेली. तो एकेका अक्षराखाली बोट धरून वाचत होता. वाचून झाल्यावर माझ्याकडे आला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, हे अंगीकार कुठं मिळतंय? स्टोअरला मागितलं, ते म्हनं शिल्लक न्हाई."

हे बापू. काष्टीचे. कंप्रेसर सांभाळायचे.

कारखान्यातली निम्मी यंत्रं दाबाच्या हवेवर चालतात आणि ती हवा कंप्रेसर बनवतो. आमच्याकडे असे तीन कंप्रेसर एका खोलीत रात्रंदिवस गर्जायचे. त्या खोलीत बापूंनी वीस-बावीस वर्षं काढली होती. सुरुवातीच्या काळात कानात घालायचे बोळे कुणी देत नव्हतं आणि दिले तरी कुणी घालत नव्हतं. त्यात त्यांचा डावा कान पूर्ण गेला आणि उजवा अर्धा राहिला. त्यामुळे बापूंशी बोलायचं तर उजवीकडे यावं लागायचं. डावीकडून बोलणाऱ्याचं त्यांना काही ऐकू जात नसे आणि ते मान मात्र व्यवस्थित हलवत. वरिष्ठांना ते नेहमी डावीकडे घेऊन चालत, असं कामगार सांगत.

हवेच्या नळाला कुठे बारीक भोक पडलं की हवा फुसफुसत बाहेर जाते. ती वाया जाते आणि तेवढी पुन्हा बनवायला कंप्रेसर जास्त पळतो, वीज खातो. ही फुसफुस कानाने ओळखायची. बापूंना तो कान नव्हता. म्हणून ते गालाने ओळखायचे. चहाच्या सुट्टीत मशीन थांबली की बापू नळांच्या कडेकडेने गाल पुढे करून चालायचे, जणू प्रत्येक नळाला काही गुपित विचारताहेत. गालाला गार झुळूक लागली की थांबायचे. खिशातून दाढीचा ब्रश काढायचे. दुसऱ्या हातात स्टीलचा पेला, त्यात साबणाचा फेस. तो फेस जॉइंटला चोपडायचा, बुडबुडा फुगला की तिथे पेन्सिलीने फुली. जेवणानंतर पाना घेऊन त्या फुल्या बंद.

पोरं विचारायची, "बापू, कंपनीची दाढी झाली का?"

"एक गाल राहिलाय," बापू म्हणायचे आणि पुढे जायचे.

मी सुरक्षा खात्याचा असल्याने मला हे बघवेना. दाबाच्या हवेजवळ तोंड नेणं नियमात बसत नाही. मी त्यांना उजवीकडून पाच मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग ओळखायचं कसं? मी म्हणालो, त्यासाठी आवाज टिपणारं परदेशी यंत्र मिळतं, मी त्याची माहिती मागवली आहे. बापू म्हणाले, मागवा, तवर मी हात ओला करून पुढं धरतो. त्या दिवसापासून ते ओला हात पुढे धरायचे, पण मी शॉपमध्ये असलो तरच. यंत्राची माहिती अजून माझ्या टेबलात आहे.

बापूंचा एक शब्द होता. उष्टं. आपल्याकडे ताटात अन्न टाकून उठणाऱ्याला लहानपणी जे ऐकावं लागतं, तेच बापू सगळ्या गोष्टींना लावायचे. अर्धा पेला पाणी ठेवून कुणी उठला, तर ते उष्टं, हे कुणीही म्हणेल. पण रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उष्टा. बंद मशीनवर जळणारा दिवा उष्टा. फुसफुसणारी हवा उष्टी. आम्ही त्याला 'ऊर्जेचा अपव्यय' म्हणायचो आणि कुणालाच काही वाटायचं नाही. अपव्यय कुणाचाही असू शकतो. उष्टं मात्र कुणाचं तरी असतं, आणि ज्याचं असतं त्याला ते चारचौघांत दाखवलं की कानाच्या पाळ्या लाल होतात.

आमचे सुपरवायझर गाडे एकदा मीटिंगला खाली आले होते. बापू दारातून डोकावले आणि म्हणाले, "गाडेसाहेब, वर केबिनीत तुमचं उष्टं राहिलंय." गाडे साहेब गोंधळले. आपण टिफिन तर बंद करून ठेवला, मग मांजर आलं की काय, म्हणून घाईने वर गेले. केबिनमध्ये कुणी नव्हतं, एसी चालू होता, खोली अगदी गारेगार. ते एसी बंद करून खाली आले आणि उरलेली मीटिंगभर वहीत बघत बसले. मी त्याच महिन्यात एसीवर तीन परिपत्रकं काढली होती. तिन्हींवर गाडे साहेबांची सही होती, वाचल्याची.

हे सगळं दिसत असूनही माझा भरवसा परिपत्रकांवरच होता. बापू हा मला गमतीचा माणूस वाटायचा. शिकलेलो मी होतो.

श्रावणात मी कचऱ्याचं काम हातात घेतलं. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक गणपतीनंतर तपासणीला येणार होते. आमचे प्लँट हेड कुलकर्णी साहेब. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक, त्यामुळे साहेबही बोलताना फळ्यासमोर उभे असल्यासारखे बोलत. ते म्हणाले, सोमनाथ, हे नीट झालं तर तुमच्या कागदावर मी त्याच दिवशी सही करतो. मी हिरवे आणि निळे डबे मागवले. हिरव्यावर लिहिलं 'ओला कचरा', निळ्यावर 'कोरडा कचरा'. तेलकट मालासाठी कोपऱ्यात कुलपातलं वेगळं पिंप होतंच, त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, धोक्याचं चित्रही होतं. कँटीनच्या मागे खताचा खड्डा खणून घेतला. त्यातून गांडूळखत होणार होतं आणि ते पाहुण्यांना छोट्या पिशव्यांतून भेट द्यायचं, इथपर्यंत माझी कल्पना धावली होती.

मग प्रशिक्षण. पडद्यावर चित्रं दाखवत मी पाऊण तास बोललो. समजलं का, असं विचारलं. सगळे व्हय म्हणाले. मागून बापूंनी हात वर केला. "साहेब, तेलानं भिजलेली चिंधी ओली का कोरडी?"

सगळे हसले. मला वाटलं, अंगीकारासारखीच ही पण टिंगल. मी म्हणालो, बापू, विषयांतर नको, आणि पुढचं चित्र लावलं. पुढच्या चित्रात पृथ्वी होती.

मशीन शॉपमध्ये दिवसभर तेलकट चिंध्या निघतात. हात पुसलेल्या, मशीन पुसलेल्या, तेलाने निथळणाऱ्या. पूर्वी त्या कोपऱ्यातल्या पिंपात जायच्या. आता प्रत्येकाजवळ मी ठेवलेला डबा होता आणि त्यावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं 'ओला'. चिंधी ओली होती. माणसं सांगितल्याबरहुकूम वागली. जेवणाच्या डब्यातल्या वाळक्या भाकरीही तितक्याच इमानाने निळ्या डब्यात जात होत्या, कारण त्या कोरड्या होत्या. साफसफाईच्या अलकाताई, ठेकेदाराकडून आलेल्या, रोज हिरवे डबे नेऊन खड्ड्यात ओतायच्या, कारण ते मीच त्यांना सांगितलं होतं. मी मात्र तीन आठवडे खड्ड्याकडे फिरकलो नाही. मी खताच्या पिशव्यांवर छापायचा मजकूर लिहीत होतो.

तपासणीच्या आठ दिवस आधी मी खड्ड्यावरचा पत्रा उचलला. आत काळं, चिकट, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. एक गांडूळ नव्हतं. असतं तर त्याने पर्यावरणशास्त्राच्या पदवीविषयी काय ते मत दिलं असतं.

गोष्ट साधी नव्हती. तेलकट माल मातीत टाकणं हा गुन्ह्याचा प्रकार आहे. कुलकर्णी साहेबांनी खुलासा मागितला: हे कुणामुळे झालं, आज चार वाजेपर्यंत लेखी द्या. त्यात एचआरचा फोन आला की ठेकेदाराच्या साफसफाईवाल्या बाईंचं नाव असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे त्यांना उद्यापासून बंद करता येईल.

दसऱ्याला पंधरा दिवस होते. मुकादम गावात येऊन गेला होता आणि आईने त्याला सांगितलं होतं, आमचं नक्की न्हाई, पोराचं कायमचं व्हायलंय.

मी खुलासा टाईप केला. मला लिहिता चांगलं येतं. 'सखोल प्रशिक्षण देऊनही सफाई कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे तेलयुक्त कचरा खतखड्ड्यात टाकला गेला.' वाक्यात खोटं असं काही बोटाने दाखवता आलं नसतं. प्रशिक्षण दिलं होतं. कचरा त्यांनीच टाकला होता. त्याखाली सुरक्षा समितीतल्या कामगार सभासदाची सही लागायची. तो सभासद म्हणजे बापू.

मी कागद घेऊन कंप्रेसरच्या खोलीत गेलो. बापूंनी हात पुसले, कागद घेतला, बाहेर उजेडात आले आणि बोट धरून वाचायला लागले. त्यांचं वाचन फार सावकाश. 'निष्काळजीपणा' या शब्दावर बोट बराच वेळ थांबलं. मला वाटलं, शब्द अडला असेल. मी उजवीकडे जाऊन म्हणालो, म्हणजे बेफिकिरी.

"ते कळलं," बापू म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली. "सही करतो की. पन आधी सांगा सोमनाथराव, हे उष्टं कुणाचं?"

एवढंच बोलले. रागावले नाहीत, प्रशिक्षणात आपण हात वर केला होता याची मला आठवणही करून दिली नाही. पेन्सिल धरून उभे राहिले, मी सांगेन त्याची वाट बघत. मला खरंच काहीतरी उत्तर द्यावं लागणार होतं. अलकाताईंचं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि हिरव्या डब्यांवर 'ओला' लिहिणारा मीच होतो, हे आठवलं.

मी कागद परत घेतला. टेबलावर जाऊन दुसरा लिहिला. तो फार लहान झाला. 'डब्यांवर काय लिहायचं ते मी ठरवलं. तेलकट चिंधी कुठे टाकायची हे प्रशिक्षणात विचारलं गेलं होतं. मी उत्तर दिलं नाही. अलकाताईंनी मी सांगितलं तेच केलं.' एकही मोठा शब्द नाही. बापूंनी तो वाचला आणि पेन्सिल ठेवून माझा पेन मागून सही केली.

कुलकर्णी साहेबांनी तो दोनदा वाचला. प्रश्न कुणी विचारला होता, म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि शिक्षक तपासून झालेला पेपर ठेवतात तसा कागद बाजूला ठेवला. अलकाताई राहिल्या. माझं प्रशिक्षण वर्षभराने वाढलं.

घरी फोन केला तेव्हा आण्णांनी घेतला. मी गोल गोल सांगत होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "म्हंजी तुझी अजून शाळाच हाय का?"

व्हय म्हणालो.

"बरं. मग आमी जातो यंदा. तू नीट शिक."

खड्डा साफ करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. सगळा माल उपसून पिंपांत भरायचा होता. मी नियमाप्रमाणे हातमोजे, गमबूट, चष्मा, मास्क, डोक्यावर टोपी, असा तयार होऊन गेलो. अलकाताईंनी मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. त्या वासामुळे नाही, हसू आवरायला. थोड्या वेळाने बापू फावडं घेऊन आले, जेवणाची सुट्टी होती. मी त्यांनाही हातमोजे दिले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घातले असावेत, कारण डाव्याचा उजव्या हातात आणि उजव्याचा डाव्या हातात घातला होता. तपासणीचे पाहुणे यायच्या आत आम्ही तिघांनी चार दिवस जेवणाच्या सुट्टीत तो खड्डा उपसला. चौथ्या दिवशी अलकाताई म्हणाल्या, साहेब, तुमी त्या पडद्यावर पृथ्वी दाखवली, त्यापेक्षा एक चिंधी दाखवली असती तर बरं झालं असतं.

नवीन डबे करायचे ठरले तेव्हा मी बापूंना विचारायला गेलो, काय लिहू? हे वाक्य उच्चारायला मला बी.एस्सी. होण्याइतकाच त्रास झाला. बापू म्हणाले, जे हातात असतं ते लिवा. मग एका डब्यावर लिहिलं 'ताटातलं'. दुसऱ्यावर 'तेलाचं'. तिसऱ्यावर 'बाकीचं'. रंग नियमातले, शब्द बापूंचे. आणि बापूंनी आग्रहाने एक चौथा, लहानसा पत्र्याचा डबा बसवायला लावला. त्यावर लिहिलं 'कळंना तर इथं'.

तो डबा मी रोज संध्याकाळी उघडायचो. त्यात काय काय निघायचं. संपलेली बॅटरी, गोंदाची नळी, तेल लागलेली भाकरी. ही भाकरी ताटातली की तेलाची, यावर बापू आणि मी पंधरा मिनिटं बोललो, आणि मला आठवत नाही की कॉलेजात मी कुठल्या विषयावर इतक्या गांभीर्याने बोललो असेन. डब्यात निघालेल्या वस्तूचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना सांगायचं. दोन मिनिटं. पडदा नाही. लोक मुद्दाम अवघड वस्तू आणून टाकू लागले. एकदा गाडे साहेबांचा जुना चष्मा निघाला.

त्यानंतर 'उष्टं' हा शब्द कंपनीत कसा पसरला, मला सांगता येणार नाही. मी पसरवला असता तर पसरला नसता. मशीनवरचा माणूस पलीकडच्या मशीनवर हात दाखवून विचारायचा, उष्टं कुणाचं? ज्याचा दिवा चालू राहिला असेल तो शिव्या देत उठायचा, पण उठायचा. गेटवर साहेबांची गाडी इंजिन चालू ठेवून उभी असायची. एक दिवस वॉचमनने ड्रायव्हरला म्हटलं, दादा, उष्टं सांडतंय. मागे कुलकर्णी साहेब उभे होते, ते त्याला दिसले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद उभी राहू लागली. आणि एका दुपारी मी जेवून माझ्या जागेवर आलो, तर पंखा बंद केलेला आणि खुर्चीवर चिठ्ठी: 'उष्टं. बी.एस्सी.' अक्षर कुणाचं ते मला आजवर कळलेलं नाही. शंका अलकाताईंवर आहे.

बापूंच्या फुल्याही वाढल्या होत्या. पूर्वी ते एकटे गाल पुढे करून फिरायचे, आता पोरं स्वतःहून येऊन सांगायची, बापू, माझ्या मशीनला फुसफुस हाय, या दाढी करायला. मी त्यांच्या मागे वही घेऊन फिरायचो. एका बाबतीत मात्र मी सुधारलो नव्हतो, मला अजूनही पडदा आवडायचा. दर महिन्याला कुलकर्णी साहेबांसमोर मी तिन्ही कंप्रेसर किती चालले याचे रंगीत आलेख दाखवायचो. उन्हाळ्यातल्या एका मीटिंगला बापूंनाही बोलावलं होतं. मी तिसऱ्या कंप्रेसरच्या लाल रेघेबद्दल बोलत होतो. बापू उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ही रेघ कुठून आली?

मी म्हणालो, कंप्रेसरची.

"तो आठ दिस झालं बंद हाय," बापू म्हणाले. "मीच केला. म्हटलं, कुनाला हवा कमी पडती का बघू. कुनी आलं न्हाई सांगायला."

कुलकर्णी साहेबांनी माझ्या आलेखाकडे बघितलं. मी मागच्या महिन्याचे आकडे पुढे ओढले होते. मग त्यांनी बापूंकडे बघितलं आणि ते हसले. फळ्यासमोरच्या माणसाला असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. आठ दिवस तीनातला एक कंप्रेसर बंद होता आणि अख्ख्या कारखान्यात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गळत होतं ते सगळं बंद झालं होतं, म्हणून दोनातच भागत होतं. त्याच हवेसाठी चौथा कंप्रेसर घ्यावा असा प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दिला होता म्हणे.

माझी कायमची चिठ्ठी त्या वर्षी पितृपक्षात आली. लोक म्हणाले, या दिवसांत चांगलं काम करत नाहीत. मी म्हणालो, मला चालतं. ती घेऊन मी पहिल्यांदा कंप्रेसरच्या खोलीत गेलो. बापूंनी उजेडात नेऊन बोट धरून वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. मी अभिनंदनाची वाट बघत उभा. ते म्हणाले, "नाव बरोबर लिवलंय. माझ्या चिठ्ठीत माझं चुकलं हुतं, ते दुरुस्त करायला चार वर्सं गेली."

त्याच महिन्याच्या अखेरीला बापूंची नोकरी संपली. निरोपाच्या कार्यक्रमात शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषण माझ्याकडे होतं. चार पानं लिहिली होती, त्यातली तीन मी खिशातच ठेवली. उरलेल्या पानात मी खड्ड्याची गोष्ट सांगितली, नाव न लपवता सांगितली, आणि सगळ्यांना ती आधीच माहीत होती. बापूंना बोलायला सांगितलं तेव्हा ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले की चहा गार होतोय. मग बसले.

सुप्यात त्यांची भाड्याची एक खोली होती. दर सुट्टीला काष्टीला जायचे आणि कामावर परत. वीस वर्षांचा संसार एका छोट्या टेम्पोत मावला: एक पत्र्याची पेटी, शेगडी, वळकटी, आणि बाजारात विकत घेतलेली डाळिंबाची दोन रोपं, मुळाला ओलं पोतं बांधलेली. दोरी बांधायला मी आणि अलकाताईंचा नवरा होतो. बापू पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, रोपं पायांत धरून, शाल घडी करून मांडीवर. मला काहीतरी म्हणायचं होतं. खिडकीशी जाऊन मी ते म्हणालोही. खिडकी डावीकडची होती. बापूंनी मान व्यवस्थित हलवली, ड्रायव्हरला रस्ता दाखवला, आणि टेम्पो पुणे रस्त्याला लागला.

तिसरा कंप्रेसर अजून बंद आहे. खड्ड्यात खत होतं, अलकाताई ते सांभाळतात. त्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या गावातून उसाच्या गाड्या निघाल्या, त्यात आमच्या घरचा कोयता नव्हता. आई आणि आण्णा घरी होते.